मोठ्या भाऊंची चूल

दारात आले की मोठे भाऊ आधी चौकटीवर बोटांच्या पेरांनी ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. आपण आलोय हे कळवायला नव्हे, लाकडाचं बोलणं ऐकायला. सगळी हयात सरकारी लाकूड डेपोत ओंडके मोजण्यात गेलेली, त्यामुळे लाकूड दिसलं की त्याला ठोकून बघितल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. माझ्या दाराची चौकट तर त्यांची पाठ झाली होती. तरी रोज ठोकायचे आणि रोज सांगायचे, "बीजा हाय बाई हा. सागवान म्हणून कोणं तरी तुमाले फसवलं." मग आत येऊन खुर्चीच्या पाठीला ठोकायचे आणि तिचा आवाज पसंत पडला तरच बसायचे.

दुसरी सवय जिभेची. सरळ हो किंवा सरळ नाही हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "जेवलात का भाऊ?" म्हणून विचारावं, तर "तसं पाह्यलं तं जेवलो" असं म्हणून ते विचारात पडायचे. "बरं आहे का?" "तसं पाह्यलं तं हौ. अन् तसं पाह्यलं तं गुडघा दुखते." लाकडाच्या बाबतीत मात्र हा माणूस एका ठोक्यात निकाल द्यायचा. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. एका गोष्टीत धारदार आणि बाकी सगळ्या गोष्टींत धुक्यात.

बालाघाटच्या आमच्या गल्लीत मी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं काम करते. मशीन पुढच्या खोलीत, दाराशी. मशीनवर बसलं की तोंड बरोबर मोठ्या भाऊंच्या घराकडे होतं, त्यामुळे मी त्यांच्यावर नजर ठेवून असायचे असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. नजर कुठे तरी ठेवावीच लागते.

घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. वडील गेल्यावर कागदोपत्री दोन भावांच्या नावावर अर्धं अर्धं झालं आणि मधे एक भिंत आली. पुढून दोन दारं, मागे अंगण एक, नळ एक. मधल्या भिंतीतही एक दार ठेवलेलं होतं आणि त्याला कडी कधी बसवलीच नाही. डावा भाग मोठ्या भाऊंचा, उजवा धाकट्याचा. मोठ्या भाऊंची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. का नाही केलं असं एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "तसं पाह्यलं तं कराचं होतं." एवढंच.

बायको गेली तेव्हापासून ते जेवायला धाकट्याकडे. म्हणजे मधल्या दारातून पलीकडे. त्यांच्या भागातलं स्वयंपाकघर रिकामं पडलं, तेव्हा किरनापूरकडच्या शेतातून येणाऱ्या धानाच्या पत्र्याच्या कोठ्या तिथे ठेवल्या गेल्या. त्यांनीच ठेवायला सांगितल्या. धाकटा भाऊ बिरसा भागात जंगलाच्या नाक्यावर नोकरीला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या बसने जायचा. मुलगी लग्न होऊन गोंदियाला, मुलगा नागपूरला. त्यामुळे आठवडाभर घरात माणसं दोनच असायची, मोठे भाऊ आणि धाकट्याची बायको. तिला मी वहिनी म्हणते.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा. भासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा, तोंडाला तोंड द्यायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. नव्या पिढीत हे राहिलं नाही, आमच्या पोरी भासऱ्याला मोबाइलवर फोटो पाठवतात. पण वहिनीनं ते नेमानं पाळलं. मुलं लहान होती तोवर निरोप मुलांच्या तोंडून जायचे. मुलं गेली आणि निरोप घेऊन जायला कोणी उरलं नाही, पण वहिनी थांबली नाही. ती ताट मांडायची आणि भिंतीकडे पाहून म्हणायची, "म्हणा त्यायले, जेवण वाढलं." कोणी म्हणायचं, ते काही ठरलेलं नव्हतं. मोठे भाऊ मधल्या दाराशी खाकरायचे, मग ती आत सरकायची आणि ते पाटावर बसायचे. "म्हणा, वरण गरम हाय." "म्हणा, उद्या एकादशी हाय." त्यांना जास्त नको असलं की ते ताटावर तळहात धरायचे, तो तिला आतूनही कसा दिसायचा कोण जाणे.

अशी सगळी वर्षं गेली आणि त्यात कोणाला काही अवघड वाटलं नाही. अवघड केलं ते टॅक्सनं.

गल्लीत टॅक्सचं काही निघालं की लोक माझ्याकडे येतात. कारण असं की एकदा नवा सर्व्हे झाला तेव्हा दारातलं मशीन बघून त्यांनी माझं राहतं घर दुकान म्हणून लिहून टाकलं होतं. मी ऑफिसात जाऊन अशी भांडले की शेवटी तिथल्या बाबूनं मला खुर्ची दिली. मशीन ठेवायला मला माजघरात जागा नाही, आणि मशीनमागे माझी खाट आहे ती दुकानात असते का, असं मी विचारलं होतं. माझं घर परत घर झालं, आणि तेव्हापासून गल्लीनं मला वकील ठरवलं. मला त्यातलं एवढंच माहीत होतं की मालक स्वतः घरात राहत असेल तर संपत्ती करात सूट मिळते आणि त्यासाठी अर्ज द्यावा लागतो.

त्याच सर्व्हेनंतर मोठे भाऊ एक कागद घेऊन आले. चौकट ठोकायचं विसरले, यावरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"बाई, मी गोदामात राह्यतो म्हणतेत."

कागद वाचला. आजवर वडिलांच्या नावाने एकच बिल यायचं, आता दोन भागांना दोन नंबर पडले होते. धाकट्याच्या भागापुढे निवास लिहिलं होतं. मोठ्या भाऊंच्या भागात कोणी दुपारी डोकावलं असेल, कोठ्या दिसल्या असतील, म्हणून गोदाम. कराचा आकडा त्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. त्या एका शब्दावर बोट ठेवून ते बसून राहिले.

"माह्या बापानं मले ह्या घरात काढलं," म्हणजे इथेच जन्मलो असं त्यांना म्हणायचं होतं, "अन् आता मी कोण, धानाचं पोतं?"

अर्ज मी लिहून दिला. स्वतः राहतो, सबब सूट मिळावी. त्यांनी सही करायला खूप वेळ लावला. "स्वतः राहतो" या शब्दांवर ते पुन्हा पुन्हा येत होते. मला तेव्हा वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल.

चौकशीला कर विभागातला एक तरुण आला. घामाघूम झालेला, पण स्वभावानं शांत. मी मशीन बंद करून त्यांच्या ओट्याशी जाऊन उभी राहिले, वकील म्हणून.

"दादाजी, आप यहाँ रहते हैं?"

"वैसा देखा तो रहता हूँ," मोठे भाऊ म्हणाले.

"मतलब?"

"सोता इधर हूँ. नहाना आँगन में, वो दोनों का है. खाना उधर है."

"उधर कौन रहता है?"

"मेरा भाई. पर वो बिरसा में रहता है."

त्या तरुणानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वर कौलांकडे पाहिलं.

"अच्छा, रसोई किधर है?"

मोठ्या भाऊंनी त्याला आपलं स्वयंपाकघर दाखवलं. त्यात छतापर्यंत कोठ्या. मग मधल्या दारातून पलीकडे नेलं. वहिनी पदर ओढून अंगणात पळाली. गॅसवर भात रटरटत होता.

"तो आप भाई के साथ रहते हैं. ये वाला हिस्सा खाली है."

"खाली कैसा? मैं हूँ ना इसमें."

तो तरुण चांगला होता हो. दुसरा कोणी असता तर फुली मारून गेला असता. तो म्हणाला, "दादाजी, मैं जो देखता हूँ वो लिखता हूँ. आदमी रहता है तो चूल्हा रहता है. अभी मैं कुछ नहीं लिखता. थोड़े दिन में फिर आऊँगा, तब तक आप देख लो." आणि पाणी पिऊन गेला.

आपण असतो तर काय केलं असतं? गॅसची एक शेगडी आणून ठेवली असती, तो आला की त्यावर चहाचं भांडं चढवलं असतं, आणि संपलं असतं. मी त्यांना तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वैनगंगेच्या काठची माती पोत्यात भरून आणली. धानाचा कोंडा कालवून, कोठ्या थोड्या सरकवून, खिडकीखाली त्यांनी चूल घातली. हात लाकडाला सरावलेला, पण मातीतही काम नेटकं उतरलं. सारवून झाल्यावर माझ्याकडे आले.

"बाई, चूल किती काळी पाह्यजे?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण नव्हते करत. कोरी चूल दाखवली तर ते खोटं होईल, असं त्यांचं म्हणणं. चूल आहे म्हणजे तीवर रांधलं पाहिजे, धूर झाला पाहिजे, भिंत काळी झाली पाहिजे. "खोटं कसं दाखवू? तो पोरगा भला हाय."

मग त्यांनी दुपारी भात घालायला सुरुवात केली. लाकडं काय निवडलेली, एकेक ढलपी ठोकून घेतलेली. जाळ असा की बघत राहावं. भात मात्र अर्धा कच्चा आणि अर्धा करपलेला. तो टाकून देणं त्यांना जमेना, अन्नच ते. म्हणून खायचे. दुपारी तो दगडासारखा भात खाल्ला की रात्री भूक नसायची. मग मधल्या दाराशी खाकरायचे आणि भिंतीला सांगायचे, "म्हणा, आज जेवण नको."

आता तुम्ही वहिनीच्या जागी बसा. भिंतीपलीकडून धूर येतो आहे. भासरे जेवायला येत नाहीत. आमच्याकडे भाऊ वेगळे निघतात तेव्हा काय करतात? आधी कोर्टकचेरी होत नाही, आधी चूल वेगळी होते. कागदावर वाटण्या झाल्या, भिंत आली, दोन दारं झाली, तरी चूल एक आहे तोवर घर एक. आणि ज्या दिवशी दुसरी चूल पेटते त्या दिवशी गल्लीला सांगावं लागत नाही. धूर बघून पलीकडच्या आळीतल्या बायका मला विचारायला आल्या, मोठे भाऊ वेगळे निघाले म्हणे?

वहिनी मागच्या दारानं माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"भासऱ्यायनं चूल काहून मांडली, बाई?"

मी सगळं सांगितलं. टॅक्स, सूट, तो तरुण, गोदाम. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"टॅक्ससाठी कागद देतेत लोकं. चूल नाही मांडत."

"अगं, खरंच तेवढ्यासाठीच."

"तुमाले तसं सांगतलं असन त्यायनं. माह्यं काही चुकलं असन. धानाच्या कोठ्या त्यायच्या सैपाकघरात कोंबून ठेवल्या आमी, तेच लागलं असन मनाले. इतकी वर्सं बोलले नाहीत."

तिच्या बोलण्यात चूक काढायला मला जागा सापडेना. टॅक्ससाठी खरंच कोणी चूल मांडत नाही. मी परत परत सांगत राहिले आणि सांगता सांगता माझाच माझ्यावरचा विश्वास उडायला लागला.

शनिवारी धाकटा भाऊ आला. वहिनीनं त्याला काय सांगितलं कोण जाणे, रविवारी सकाळी दोघांनी मिळून सगळ्या कोठ्या मोठ्या भाऊंच्या स्वयंपाकघरातून काढून आपल्या भागात नेल्या. मोठे भाऊ बाजारातून परत आले तेव्हा शेवटची कोठी मधल्या दारातून जात होती. धाकटा थांबला. म्हणाला, "दादा, तुले जसं बरं वाटीन तसं." मोठे भाऊ "हौ" म्हणाले. मग ते तडक माझ्या दारात आले, हातात भाजीची पिशवी तशीच.

"बाई, एक विचारू? मी वेगळा निघालो का?"

"असं काय विचारता भाऊ? तुम्हीच सांगा."

"मले तं माहीत नाही. मी चूल घातली ते टॅक्सची. पण त्यायनं आपलं धान काढून नेलं. म्हणजे ते वेगळे निघाले. का मी निघालो, अन् मंग ते निघाले?" पिशवी खाली ठेवून ते खुर्चीत बसले. "नाही, राग नाही मले. फक्त कोण निघालं ते कळलं पाह्यजे."

मी त्यांना वहिनीचं म्हणणं सांगितलं. संध्याकाळी वहिनीला त्यांचं म्हणणं सांगितलं. दोघांनीही माझं ऐकून घेतलं आणि दोघांनाही वाटलं की मी मन राखायला बोलते आहे. समोरासमोर दोन वाक्यं बोलली असती तर सगळं मिटलं असतं. पण त्या घरात तेवढीच एक गोष्ट होत नव्हती. धाकट्याला मी म्हटलं, अरे तू तरी नीट विचार. तो म्हणाला, "मोठ्या भावाले असं कसं विचारू?" आणि सोमवारी पहाटे बिरसाला निघून गेला.

तो कर विभागातला तरुण ठरल्याप्रमाणे आला. बघतो तर स्वयंपाकघर मोकळं, चूल पेटलेली, भिंत काळी, वर भाताचं पातेलं. तो अगदी खूश झाला. "अब तो ये घर लग रहा है, दादाजी." त्यानं निवास लिहिलं. सूट मंजूर. मोठे भाऊ त्याला दारापर्यंत पोचवायला आले, मान खाली घालून.

मला वाटलं, सुटलं आता. उद्यापासून चूल बंद, पलीकडे जेवण, दोन-चार दिवसांत सगळं पूर्ववत. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर. तिसऱ्या दिवशीही. मी जाऊन विचारलं, आता कशाला?

"सूट घेतली ना बाई. सूट घ्याची अन् चूल इझवाची, हे बरोबर हाय का? त्यानं लिहलं, हा माणूस इथं राह्यते. तं मले आता राह्यलं पाह्यजे."

नियमात असं कुठे नव्हतं. पण त्यांच्या डोक्यात नियम आणखी एक होता, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. फुंकणी हातात धरून, डोळ्यांतून पाणी गाळत ते म्हणाले, "तिकडं जेवत होतो इतके वर्स. पण पाव्हणा होतो का घरचा होतो, ते मले कधी कळलं नाही बाई. कोणं मले नको नाही म्हटलं. अन् या म्हणून बी नाही म्हटलं. म्हणा म्हटलं."

मला आजही नक्की सांगता येत नाही की ती चूल टॅक्सची होती की त्यांची होती. कधी वाटतं वहिनीचंच बरोबर होतं. कधी वाटतं त्यांनाही ते माहीत नव्हतं, एका कागदानं विचारलं तू कुठे राहतोस आणि हा साधा माणूस खरोखर शोधायला लागला. मला त्यांचा रागही यायचा आणि त्यांना पोटाशी धरावंसंही वाटायचं.

ते वाळत चालले. पोट बिघडलं. पुढच्या शनिवारी धाकट्यानं ताट वाढून मधल्या दारातून आणलं, वहिनीनं मुद्दाम त्यांच्या आवडीची पोपटीच्या, म्हणजे ओल्या वालाच्या, दाण्यांची भाजी केली होती. मोठ्या भाऊंनी ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माह्यं शिजून राह्यलं ना." ताट परत गेलं. मी समोरून बघत होते. मला वाटलं, उठावं आणि जाऊन या म्हाताऱ्याच्या डोक्यावर तेच ताट पालथं घालावं. त्या रात्री धाकट्याच्या घरी कोणी जेवलं नाही, हे वहिनीनं मला नंतर सांगितलं.

रविवारी सकाळी मोठे भाऊ चुलीपुढे उकिडवे बसून फुंकत होते. मधलं दार उघडलं आणि वहिनी आत आली. डोक्यावर पदर, काखेत पातेलं, हातात पीठ मळलेली परात. त्यांच्या स्वयंपाकघरात तिनं पाऊल टाकलं ते बहुधा जाऊ वारल्यानंतर पहिल्यांदाच. मोठे भाऊ गडबडून उठले आणि फुंकणी घेऊनच अंगणात जाऊन उभे राहिले. मी तोवर नळावर हंडा लावायच्या निमित्तानं त्यांच्या अंगणात पोचलेच होते.

वहिनीनं परात खाली ठेवली, चुलीतली लाकडं सारखी केली आणि भिंतीकडे तोंड करून, पण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हणा त्यायले, चूल त्यायची, हात माहा. यात टॅक्सवाल्याचं काय गेलं?"

धाकटा आंघोळीचा तांब्या हातात धरून थांबला. मोठे भाऊ विचारात पडले. मी मनात म्हटलं, आता हा माणूस तसं पाह्यलं तं म्हणाला तर मी हंडा फेकून मारीन. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि तुळशीकडे बघत म्हणाले, "म्हणा, भाजीत मीठ जरा कमी टाका म्हणा. काल दुरूनच खारट दिसत होती."

वहिनी पदराआड हसली. मी ते पाहिलं.

त्या दिवसापासून तिघांचा स्वयंपाक मोठ्या भाऊंच्या चुलीवर व्हायला लागला. पलीकडे गॅसवर फक्त दूध आणि चहा. एका जागी बसून जेवायचे, मोठे भाऊ पाटावर, धाकटा असला तर शेजारी, वहिनी आतल्या अंगाला. बोलणं अजूनही भिंतीशीच, पण आता भिंत दोन्हीकडून ऐकायला लागली होती. "म्हणा, लाकडं ओली हायेत." "म्हणा, धाकट्याले फोन लावा, येताना बीजाचा तुकडा आण म्हणा." कोणी कोणाला काही समजावून सांगितलं नाही. टॅक्सचं काय आणि रागाचं काय, हा हिशेब तसाच अर्धवट राहिला.

पुढच्या साली तो तरुण फेरतपासणीला आला. मोठ्या भाऊंच्या भागात भरलेलं स्वयंपाकघर बघून त्यानं मान डोलावली. मग पलीकडे गेला. तिथे गॅसवर एक दुधाचं पातेलं आणि सगळीकडे धानाच्या कोठ्या.

"इधर की रसोई कहाँ गई?"

"उधर गई," धाकटा म्हणाला.

"तो आप लोग अब उधर रहते हैं?"

धाकट्यानं मोठ्या भावाकडे पाहिलं. मोठ्या भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "साहब, रहते दोनों में हैं, खाते एक में हैं. पहले उसमें खाते थे, अब इसमें." तो बिचारा ओट्यावरच बसला. वहिनीनं आतून पोहे पाठवले. ते खाऊन होईपर्यंत त्यानं कागद दोनदा उलटसुलट केला. शेवटी म्हणाला, "मैं दोनों में निवास लिख देता हूँ. आप लोग बस अब चूल्हा मत घुमाना." दोघांनाही सूट मिळाली. मोठे भाऊ दिवसभर खूश होते. मला येऊन म्हणाले, "बाई, तो पोरगा हुशार हाय. मले जे समजलं नाही ते त्यानं पोहे खाता खाता लिहून टाकलं."

गेल्या हिवाळ्यात मोठे भाऊ गेले. आजारी नव्हते. सकाळी उठलेच नाहीत.

दुपारपर्यंत सोयरे जमले. कटंगीकडचे, तुमसरकडचे. धाकटा बिरसाहून निघाला होता तो पोचला. आमच्याकडे ज्या घरचा माणूस जातो त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, शेजारपाजारचे खाणंपिणं आणतात. बाहेरगावची माणसं उपाशीतापाशी आलेली, थंडीत बसलेली. कोणीतरी चहाचं काढलं. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ, शब्दाला मान असलेले, दोन दारांवरचे दोन नंबर वाचून आले आणि म्हणाले, "पालिकेत दोन घरं हायेत ना? नंबर वेगळा, टॅक्स वेगळा. मंग चूल बंद ठेवाची ते त्या घरची. ह्या घरच्या गॅसवर चहा ठेवाले काय हरकत हाय?" वाईट मनानं नव्हते म्हणाले. दोघातिघांनी मान डोलावली. एकानं पलीकडे जाऊन गॅस पेटवला आणि पातेल्यात पाणी ओतलं.

वहिनी बायकांत बसली होती. ती उठली. पुरुषांच्या मधून चालत गेली, खाली न बघता. गॅसचा कान पिळून तिनं तो बंद केला आणि त्या गृहस्थांकडे वळली.

"वेगळं कोण निघालं?" तिनं सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं. "चूल एकच हाय आमची. ती त्यायच्या घरात हाय, अन् आज ती बंद हाय. इथं चहा नाही होणार. टॅक्सवाल्याले विचारा पाह्यजे तं."

धाकटा आल्यापासून भिंतीला टेकून कोरडा बसला होता, तो तेव्हा रडला. मी उठले आणि सगळ्यांचा चहा करायला माझ्या घरी गेले.